तिसऱ्या, कालवं आणि पिण्याचं पाणी : जिवाणू तपासणीच्या रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

कोकणात विहिरीचं पाणी तपासायला आणणारी आणि खाडीतल्या तिसऱ्या, कालवं, शिनाणे असे शिंपले काढून विकणारी माणसं बहुतेक वेळा एकाच गावची, कधीकधी एकाच घरातली असतात. रिपोर्ट हातात पडला की सगळ्यांची नजर आधी शेवटच्या ओळीवर जाते : योग्य की अयोग्य. ती ओळ किती खरी, हे मात्र तिच्या वरच्या तपशिलावर ठरतं. नमुना कधी आणि कुठून घेतला, किती पाणी तपासलं, कुठली पद्धत वापरली, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेच्या खिडकीवर सतत विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची जमतील तितकी सरळ उत्तरं इथे दिली आहेत.

'ई. कोलाय आढळला नाही' असा रिपोर्ट आलाय. आता पाणी बिनधास्त प्यायचं ना?

तुम्ही बाटली भरलीत त्या वेळी, त्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय (माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातून येणारा जिवाणू) सापडला नाही, एवढंच हा रिपोर्ट सांगतो. आयएस १०५०० : २०१२ या भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या १०० मिलि पाण्यात ई. कोलाय अजिबात आढळता कामा नये. त्यामुळे कागदावर तुमचं पाणी पास झालं, आणि ही चांगलीच गोष्ट आहे.

पण जिवाणू चहात साखर विरघळावी तसे पाण्यात एकसारखे पसरलेले नसतात. ते विखुरलेले असतात, गाळाच्या कणांना चिकटून असतात, मध्येच गुठळीने येतात. समजा, विहिरीत सरासरी दर १०० मिलिला एकच जिवाणू आहे. अशा विहिरीतून १०० मिलि पाणी घेतलं तर त्यात एकही जिवाणू न येण्याची शक्यता साधारण ३७ टक्के असते. म्हणजे दहातले तीन-चार नमुने स्वच्छ येतील आणि त्यात प्रयोगशाळेची काही चूक नसेल. सरासरी ५ असेल तर मात्र सुटून जाण्याची शक्यता १ टक्क्याच्याही खाली येते. जास्त बिघडलेलं पाणी ही तपासणी सहसा सोडत नाही, पण काठावरचं पाणी तिच्या हातून निसटू शकतं. म्हणून एका चांगल्या रिपोर्टवर वर्ष काढू नये.

कोलिफॉर्म, फीकल कोलिफॉर्म आणि ई. कोलाय यांत फरक काय? रिपोर्टमध्ये तिन्ही लिहिलेले असतात.

कोलिफॉर्म हा मोठा गट आहे. त्यातले बरेच जिवाणू मातीत आणि पालापाचोळ्यातही राहतात. त्यातले जे ४४ ते ४४.५ अंशांनाही वाढतात त्यांना फीकल कोलिफॉर्म म्हणायची पद्धत पडली, कारण माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यातून येणारे जिवाणू हे तापमान सोसतात. पण क्लेब्सिएलासारखे काही जिवाणूही ते सोसतात, आणि ते विष्ठेतूनच आले असतील असं नाही. कागदाच्या लगद्याचं सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात ते भरपूर सापडतात. म्हणून विष्ठेचा पुरावा म्हणून या तिघांत ई. कोलायच जास्त विश्वासाचा. १८८५ साली थिओडोर एशेरिश यांनी तो लहान मुलांच्या विष्ठेत शोधला.

एक गोष्ट आपल्यासारख्या उष्ण, दमट भागाला जास्त लागू पडते. हवाई, ग्वाम, पोर्तो रिको अशा उष्ण कटिबंधातल्या बेटांवर ई. कोलाय मातीतही टिकून राहतो आणि वाढतोही, असं दिसून आलं आहे. तेव्हा जोराच्या पावसानंतर विहिरीत ई. कोलाय सापडला तर तो कालच्याच संडासातला असेल असं छातीठोकपणे सांगता येत नाही. तरीसुद्धा तो सापडला तर पाणी अयोग्यच धरा. तो मातीतला असेल असं मानून पाणी पीत राहण्यात धोका फार मोठा आहे.

गावात मिळणाऱ्या छोट्या बाटलीत पाणी काळं झालं तर दूषित म्हणतात. ही चाचणी खरी मानायची का?

ही चाचणी आपल्याच देशात जन्मली, आणि तिच्यामागची कल्पना खरोखर हुशारीची आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या मांजा, मौर्य आणि राव या शास्त्रज्ञांनी ती १९८२ मध्ये प्रसिद्ध केली. ना इनक्युबेटर, ना सूक्ष्मदर्शक. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी किंवा पावडर असते, खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि उबदार जागी एक-दोन दिवस ठेवायचं. आतड्यातून येणारे काही जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात. तो लोहाशी मिळून काळा साका तयार होतो.

आता तिच्या मर्यादा. ई. कोलाय स्वतः हा वायू सहसा तयार करत नाही. तो करतात सिट्रोबॅक्टर, प्रोटियस, साल्मोनेला आणि क्लॉस्ट्रिडियमच्या काही जाती, म्हणजे ई. कोलायच्या सोबतीने येणारी मंडळी. त्यामुळे ही बाटली आणि प्रयोगशाळेचा ई. कोलायचा रिपोर्ट कधी कधी जुळत नाहीत. दोघांना विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. बोअरवेलच्या पाण्याला मुळातच कुजक्या अंड्यासारखा वास असेल तर त्यातलं सल्फाइड किंवा गंधकावर जगणारे जमिनीतले जिवाणू बाटली काळी करू शकतात, विष्ठेचा संबंध नसतानाही.

उलट बाजूची चूक मला जास्त काळजीची वाटते. या बाटल्यांमध्ये बहुधा २० मिलि पाणी मावतं. १०० मिलिमागे सरासरी ५ जिवाणू असलेल्या पाण्याचं उदाहरण पुन्हा घ्या. त्या पाण्याच्या २० मिलिमध्ये सरासरी एकच जिवाणू येतो, म्हणजे ३७ टक्के वेळा एकही येत नाही. प्रयोगशाळा जे पाणी जवळजवळ दर वेळी पकडेल, ते इथे तीनात एकदा सुटतं. म्हणून बाटली काळी झाली तर लगेच पावलं उचला. काळी झाली नाही तर फार मोठी घाण दिसत नाही, एवढाच अर्थ घ्या. आणि थंडीत बाटली ओट्यावर उघडी ठेवून दुसऱ्या सकाळी 'चांगलं आहे' म्हणू नका. खाली तापमान उतरलं की जिवाणू सावकाश वाढतात, त्यांना पूर्ण ४८ तास द्या.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना अशा किटचं प्रशिक्षण देण्याची सोय आहे. त्यांनी महिन्या-महिन्याला केलेल्या साध्या चाचण्यांची वही माझ्या मते वर्षातून एकदा आलेल्या छापील रिपोर्टपेक्षा गावाच्या जास्त कामाची आहे.

मागच्या वेळी एमपीएन ४३ होता, आता ९३ आला. पाणी दुपटीने बिघडलं का?

या आकड्यांवरून तसं म्हणता येत नाही. इथे बहुतेकांची गफलत होते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एमपीएन म्हणजे मोस्ट प्रोबेबल नंबर, १०० मिलि पाण्यात बहुधा किती जिवाणू असतील तो आकडा. हा मोजलेला आकडा नाही, तो अंदाज आहे. मॅकक्रेडी यांनी १९१५ मध्ये त्याचं गणित मांडलं. प्रयोगशाळेत जांभळट रंगाच्या पोषक द्रवाच्या काचनळ्या असतात आणि प्रत्येकीत एक चिमुकली नळी उलटी बुडवलेली असते. तीन नळ्यांत १०-१० मिलि पाणी घालायचं, तीन नळ्यांत १-१ मिलि आणि शेवटच्या तीन नळ्यांत ०.१ मिलि. मग ३७ अंशांना ठेवायचं. जिथे कोलिफॉर्म वाढले ती नळी पिवळी पडते आणि उलट्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. कुठल्या ओळीत किती नळ्या पॉझिटिव्ह आल्या ते लिहायचं, समजा ३-१-० आलं, आणि तक्त्यात पाहायचं. तक्ता सांगतो ४३. पण त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यात दिलेलं असतं की खरा आकडा ९ ते १८० यांत कुठेही असू शकतो. ३-२-० आलं तर तक्ता सांगतो ९३, आणि पल्ला १८ ते ४२०.

म्हणजे ४३ आणि ९३ यांच्यातला फरक काय, तर १ मिलिच्या ओळीतली आणखी एक नळी पिवळी पडली. दोन्ही पल्ले एकमेकांवर चढलेले आहेत. त्याच बाटलीतलं पाणी पुन्हा लावलं असतं तर आकडे उलटेही आले असते. ४३ चा ११०० झाला तर नक्की काहीतरी घडलंय, ताबडतोब विहिरीवर जाऊन बघा. ४३ चा ९३ झाला तर पुढच्या दोन-तीन रिपोर्टची वाट पाहा आणि कल कुठे आहे ते बघा. पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत तर हा वादच नको. तिथे ४३ ही नको आणि ९३ ही नको.

नऊऐवजी पंधरा नळ्या लावल्या, म्हणजे प्रत्येक ओळीत पाच, तर पल्ला जरा अरुंद होतो. पटलावर पाणी गाळून त्यावर वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजायची दुसरी पद्धत याहून नेमका आकडा देते. पण तिची चाळणी ०.४५ मायक्रॉनची असते आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याने ती तुंबते. म्हणून आषाढ-श्रावणात नळ्याच बऱ्या.

एकाच विहिरीचे दोन प्रयोगशाळांचे रिपोर्ट वेगळे आले. कोण खोटं?

बहुतेक वेळा कोणीच नाही. एमपीएनचा पल्ला वर सांगितलाच. त्याशिवाय पाणी एकाच वेळी घेतलं होतं का, दोघांकडे सारख्याच वेळात पोचलं का, दोघांनी एकच पद्धत वापरली का, हे बघा. खरंच पडताळायचं असेल तर एकाच मोठ्या निर्जंतुक बाटलीत पाणी घेऊन, हलवून, दोन बाटल्यांत वाटा आणि दोन्ही बर्फात घालून एकाच दिवशी पोचवा. इतकं करूनही आकडे दहापटींनी वेगळे आले तर मात्र प्रयोगशाळेला जाब विचारायला हरकत नाही.

नमुना नेमका कसा घ्यायचा?

रिपोर्ट चुकण्याचं सर्वात मोठं कारण प्रयोगशाळेच्या बाहेर असतं, आणि ते हेच.

पाण्याची विकत घेतलेली रिकामी बाटली धुऊन तिच्यात नमुना आणू नका. तिच्या तोंडाला कुणाचे तरी ओठ लागलेले असतात आणि धुण्याने ती निर्जंतुक होत नाही. प्रयोगशाळेतून बाटली मागून घ्या. त्या बाटलीत तळाला पांढरी पूड किंवा एखादा थेंब दिसला तर ती घाण समजून विसळून टाकू नका. ते सोडियम थायोसल्फेट असतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन वाटेतसुद्धा जिवाणू मारत राहतं, थायोसल्फेट ते तिथल्या तिथे थांबवतं. ते धुऊन गेलं तर नळावर असलेले जिवाणू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मेलेले असतात आणि रिपोर्ट खोटा-चांगला येतो.

नळाचा नमुना घेताना तोटीला लावलेली जाळी किंवा रबरी नळी काढा, तोटी पुसून घ्या, शक्य असेल तर ज्योतीने तापवा, आणि दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. विहिरीचा नमुना घेताना काठाशी तरंगणारा पाला आणि तवंग टाळून थोड्या खालचं पाणी घ्या. दोरीला बांधलेली बाटली कठड्याला घासू देऊ नका. बुचाची आतली बाजू बोटाने धरू नका. बाटली गळ्यापर्यंत भरू नका, वर दोन-अडीच सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर हलवायला जागा उरत नाही.

मग बर्फाच्या डब्यात ठेवा, गोठू देऊ नका, आणि शक्य तर सहा तासांत पोचवा. पिण्याच्या पाण्याला फार तर २४ तास चालतात. दुपारच्या एसटीने पाठवलेली बाटली उन्हात तापत संध्याकाळी पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लावली गेली, तर तिच्यातले जिवाणू वाढलेही असतील किंवा मेलेही असतील. तो आकडा विहिरीचा राहत नाही. बाटलीवर तारीख, वेळ, जागा लिहा, आणि आदल्या दोन दिवसांत पाऊस पडला होता का तेही लिहा. रिपोर्ट वाचताना ही पावसाची नोंद फार उपयोगी पडते.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली आणि दुसऱ्या दिवशी तपासलं. रिपोर्ट एकदम चांगला आला!

येणारच. क्लोरीन असेपर्यंत तपासणी क्लोरीनचा परिणाम दाखवते, विहिरीची अवस्था नाही. शिवाय क्लोरीनने घायाळ झालेले काही जिवाणू जिवंत असतात, पण प्रयोगशाळेतल्या कडक माध्यमात लगेच वाढत नाहीत, आणि म्हणून मोजणीत येत नाहीत. विहिरीचा स्रोतच दूषित आहे का हे कळायला हवं असेल तर क्लोरीन पूर्ण उतरल्यावर, काही दिवसांनी नमुना घ्या. रोजच्या वापरासाठी मात्र जलसुरक्षकाने ओटी चाचणी (ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून क्लोरीन पाहायची चाचणी) करून नळाच्या टोकाला प्रति लिटर किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरतंय का हे पाहणं जास्त महत्त्वाचं. ती मिनिटात होते आणि त्याच दिवशी उपयोगी पडते.

खाडीचं पाणी तपासलं तर बरं आलं, पण त्याच खाडीतल्या तिसऱ्यांत ई. कोलाय भरपूर. हे कसं?

तिसऱ्या, कालवं, शिनाणे, खुबे हे सगळे पाणी गाळून जगतात. एक मोठं कालव चांगल्या स्थितीत तासाला काही लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतं. पाण्यात जे थोडं थोडं असतं ते त्याच्या पोटात साठत जातं, म्हणून मांसातला आकडा भोवतालच्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त येतो. पाण्याचा नमुना हा क्षणाचा असतो. भरतीला घेतलात तर समुद्राचं स्वच्छ पाणी मिळतं, ओहोटीला घेतलात तर गावाकडून आलेलं. शिंपल्याच्या पोटात मात्र मागच्या कित्येक भरती-ओहोटींचा हिशेब जमा असतो.

जगात यावर दोन वाटा आहेत. अमेरिका पाणी तपासते : जिथून कालवं थेट बाजारात जातात, तिथल्या पाण्यात फीकल कोलिफॉर्मची भूमितीय सरासरी १०० मिलिला १४ च्या वर जाता कामा नये. या व्यवस्थेच्या मुळाशी १९२४-२५ च्या हिवाळ्यात तिथे कालवांमुळे पसरलेली विषमज्वराची मोठी साथ आहे. दीड हजारावर माणसं आजारी पडली आणि सुमारे दीडशे दगावली. युरोप मांस तपासतो. माझं मत मांस तपासण्याच्या बाजूचं आहे, निदान आपल्या खाड्यांसाठी तरी. आपल्याकडे पावसाळ्यात एका दिवसात खाडीचं पाणी पालटतं आणि महिन्यातून एकदा घेतलेल्या पाण्याच्या बाटलीला त्यातलं काहीच कळत नाही.

तिसऱ्यांची तपासणी प्रत्यक्षात कशी करतात?

एक-दोन तिसऱ्या आणून भागत नाही. निदान दहा जिवंत प्राणी आणि मिळून निदान ५० ग्रॅम मांस लागतं, म्हणून बारीक तिसऱ्या असतील तर तीसेक आणा. वरचा चिखल तिथल्याच पाण्याने खळबळून काढा, पण त्यांना पाण्यात बुडवून आणू नका. पाण्यात ठेवलं की त्या तोंड उघडून आतलं बाहेर टाकतात आणि बाहेरचं आत घेतात. कोरड्या पिशवीत, गारव्यात, बर्फाला थेट न टेकवता आणि शक्यतो २४ तासांत पोचवा.

प्रयोगशाळेत शिंपले वाहत्या पिण्याच्या पाण्याखाली घासतात, निर्जंतुक सुरीने उघडतात आणि मांसाबरोबर शिंपल्यातलं पाणीही घेतात. ते टाकून दिलं तर आकडा बदलतो. सगळं वाटून एकजीव करतात, पातळ करतात आणि पाच-पाच नळ्यांच्या तीन ओळींत घालतात, अशा की पहिल्या ओळीतल्या प्रत्येक नळीत १ ग्रॅम मांस येईल, दुसरीत ०.१ आणि तिसरीत ०.०१. ३७ अंशांना एक दिवस ठेवल्यावर पिवळ्या पडलेल्या नळ्यांतला थेंब दुसऱ्या माध्यमाच्या ताटलीवर ओढतात आणि ती ४४ अंशांना ठेवतात. दुसऱ्या दिवशी निळ्या-हिरव्या ठिपक्यांसारख्या वसाहती दिसल्या की तो ई. कोलाय.

युरोपात 'अ' वर्गाच्या, म्हणजे जिथला माल थेट विकता येतो अशा पाण्यातल्या शिंपल्यांना १०० ग्रॅममागे २३० ही मर्यादा आहे. ८० टक्के नमुने तिच्या आत हवेत आणि उरलेल्यांपैकी एकही ७०० च्या वर जाता कामा नये. नळ्यांच्या भाषेत २३० म्हणजे ५-०-०. पहिल्या ओळीतल्या पाचही पॉझिटिव्ह, पुढे काही नाही. दुसऱ्या ओळीतली एकच नळी पिवळी पडली की ५-१-०, म्हणजे ३३०, आणि नमुना मर्यादेबाहेर. आणि २३० या अंदाजाचा पल्ला किती? ६८ ते ७००. नियमातला ७०० या पल्ल्याच्या वरच्या टोकाशीच जुळतो. एका नळीच्या रंगावर एखाद्या बचत गटाचा अख्खा माल परत जाऊ शकतो. म्हणूनच नियम एका नमुन्यावर न ठेवता अनेक नमुन्यांवर ठेवलेला आहे, आणि ते अगदी बरोबर आहे. 'ब' वर्गाला ४६०० ची मर्यादा आहे, पण तो माल शुद्धीकरण किंवा उष्णता दिल्याशिवाय विकता येत नाही.

रंग बदलणारी आणि जांभळ्या दिव्याखाली चमकणारी झटपट चाचणी खारट पाण्याला चालते का?

कोलिलर्टसारख्या चाचण्या पिण्याच्या पाण्याला चांगल्या आहेत. पिवळा रंग म्हणजे कोलिफॉर्म, दिव्याखाली निळी चमक म्हणजे ई. कोलाय. समुद्राच्या पाण्यातले व्हिब्रिओ नावाचे काही जिवाणू मात्र तोच रंग दाखवून फसवतात. म्हणून खारं पाणी निदान दहापट पातळ करून लावायचं असतं. रिपोर्टमध्ये ते पातळीकरण लिहिलेलं नसेल तर विचारा. शिवाय ई. कोलायच्या थोड्या जाती, त्यातच घातक ओ१५७:एच७ ही येते, चमक देणारं एन्झाइमच तयार करत नाहीत. त्या या चाचणीत दिसत नाहीत.

रिपोर्ट चांगला होता, तरी कालवं खाऊन माणसं आजारी पडली. तपासणी चुकली का?

कदाचित तपासणी बरोबर असेल आणि आजार तिने विचारलेल्या प्रश्नाच्या बाहेरचा असेल. ई. कोलाय विष्ठेची खूण दाखवतो. हिपॅटायटिस ए आणि नोरोव्हायरस हे विषाणूही विष्ठेतूनच येतात, पण शिंपल्याच्या पोटात ते ई. कोलायपेक्षा खूप जास्त दिवस टिकतात. खाडीतलं सांडपाणी थांबल्यावर ई. कोलाय दोन-चार दिवसांत उतरतो आणि रिपोर्ट स्वच्छ येतो, विषाणू मात्र आत बसलेला असतो. १९८८ मध्ये शांघायमध्ये अर्धकच्चे शिंपले खाऊन सुमारे तीन लाख लोकांना हिपॅटायटिस ए झाला. विषाणूची तपासणी स्वतंत्र करावी लागते. ती महाग असते आणि सगळीकडे होत नाही.

व्हिब्रिओची गोष्ट आणखी वेगळी. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस आणि व्हिब्रिओ व्हल्निफिकस हे कोमट, खाऱ्या पाण्याचे मूळ रहिवासी आहेत. त्यांना सांडपाण्याची गरज नाही. ई. कोलाय शून्य असलेल्या सुंदर स्वच्छ खाडीतही ते असतात, आणि टोपली उन्हात राहिली की काढल्यानंतरही भराभर वाढतात. आपलं पाणी वर्षभर कोमट असतं, म्हणून विक्रीसाठी तपासणी करून घेणाऱ्यांनी व्हिब्रिओची तपासणी वेगळी सांगून मागावी. न मागता ती होत नाही.

समुद्राचा रंग बदलला तर? तेव्हा जिवाणू तपासणी करावी का?

नाही, तिचा उपयोग नाही. काही सूक्ष्म शैवालांचं विष शिंपल्यांत साठतं. त्याला जिवाणू तपासणी लागू पडत नाही आणि शिजवल्यानेही ते जात नाही. १९९७ मध्ये केरळात विळिंजमला असे शिंपले खाऊन मृत्यू झाले आहेत. ओठ-जीभ बधिर होणं, मुंग्या येणं हे लक्षण दिसलं तर थेट दवाखाना गाठा.

वाफेवर तोंड उघडलं की तिसरी शिजली, असं आम्ही धरतो. पुरे का?

तिसरीचं तोंड थोड्याशा उष्णतेनेही उघडतं, आतलं मांस तेव्हा अजून कोमटच असू शकतं. हिपॅटायटिस ए मरण्यासाठी मांसाच्या आतलं तापमान ९० अंशांना पोचून ९० सेकंद टिकावं लागतं, असा युरोपातला दंडक आहे. एकशिपी करताना तोंड उघडल्यावर लगेच उतरवू नका. मसाल्यात घातल्यावर रस्सा खळखळ उकळू द्या आणि काही मिनिटं तसाच ठेवा. आपल्याकडे शिंपले कच्चे खायची रीत नाही, हे आपलं मोठंच संरक्षण आहे. हल्ली पर्यटकांसाठी लिंबू पिळून कच्ची कालवं द्यायची हौस काही ठिकाणी दिसते. तिथल्या पाण्याची आणि मांसाची नियमित तपासणी नसेल तर ते करू नये, असं मी स्पष्ट सांगेन.

रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या तर जिवाणू निघून जातात ना?

वाळू निघते. जिवाणूंसाठी अतिनील दिव्याखालून फिरणारं, हवा मिसळलेलं स्वच्छ खारं पाणी साधारण ४२ ते ४८ तास लागतं. पातेल्यातलं पाणी तेच ते राहतं, त्यातली हवा संपते आणि तिसऱ्या तोंड मिटून बसतात. नीट शुद्धीकरण झालं तरी ई. कोलाय लवकर जातो आणि विषाणू मागे राहतो, म्हणून शुद्धीकरणानंतरच्या ई. कोलाय रिपोर्टवर तर जास्तच सावधपणे विसंबावं.

पीसीआरने काही तासांत रिपोर्ट मिळतो म्हणे. मग दोन-तीन दिवस का थांबायचं?

पीसीआर डीएनए शोधतो, आणि मेलेल्या जिवाणूचाही डीएनए काही काळ टिकतो. क्लोरीन टाकलेल्या पाण्यात त्यामुळे गोंधळ होतो. विषाणूंसाठी पीसीआरच लागतो. विहिरीच्या नेहमीच्या तपासणीला जुन्या नळ्या पुरेशा आहेत.

किती वेळा तपासायचं आणि कुठे?

विहीर निदान दोनदा, पावसाळ्याआधी आणि पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर. दुसरी वेळ चुकवू नका, वर्षातलं सर्वात वाईट पाणी तेव्हाच सापडतं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळांत पाणी तपासून मिळतं. ग्रामपंचायतीला मिळणारं लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड स्रोताभोवतीच्या स्वच्छतेवरून ठरतं. विहिरीपासून संडासाचा खड्डा किती लांब, कठडा फुटलाय का, सांडपाणी कुठे मुरतं, हे पाहणारं ते सर्वेक्षण जिवाणू तपासणीच्या तोडीचं महत्त्वाचं आहे. ई. कोलाय शून्य आणि संडासाचा खड्डा उताराच्या वरच्या अंगाला अशी विहीर असेल, तर मी खड्ड्यावर जास्त विश्वास ठेवीन.

तिसऱ्या-कालवांसाठी पाण्याची प्रयोगशाळा चालत नाही. मत्स्यपदार्थांच्या सूक्ष्मजीव तपासणीची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली प्रयोगशाळा शोधा, आणि मान्यतेच्या यादीत शिंपल्यांतला ई. कोलाय हा घटक आहे का ते विचारा. मान्यता प्रयोगशाळेला सरसकट नसते, ती एकेका चाचणीला असते. केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेचं मुख्यालय कोचीला आहे आणि तिचं एक केंद्र नवी मुंबईत वाशीला आहे. गट करून माल विकणाऱ्यांनी तिथे मार्गदर्शन मागावं.

रिपोर्ट यायला तीन-चार दिवस लागतात. तोवर काय करायचं?

पाण्याबद्दल शंका असेल तर खळखळ उकळून गार केलेलं पाणीच प्या. क्लोरीनला न जुमानणारे क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवीही उकळण्याने मरतात. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा आजारी माणूस असेल तर रिपोर्टची वाट पाहूच नका. खाडीत मोठा पाऊस होऊन गढूळ पाणी आलं असेल किंवा सांडपाणी फुटल्याचं कळलं असेल, तर तिसऱ्या काढणं तेवढे दिवस थांबवा आणि पाणी निवळून काही भरत्या-ओहोट्या गेल्यावर नमुना द्या. काढलेला माल असेल तर तो सावलीत, ओल्या गोणपाटाखाली गार ठेवा, आणि रिपोर्ट येईपर्यंत विकू नका.